दम धरा

दीड लिटर गोडसर पाणी, पाऊण तासात.
सुन्वा पहिला पेला गटागटा संपवते,
दुसऱ्याला नाक मुरडते,
तिसऱ्यापाशी विचारते, "तुम्ही कधी प्यायलाय का हे?"

प्यायलेय. यंत्र नवं आलं तेव्हा
त्यात सगळ्यात आधी मीच झोपले होते.
माझी आतडी अजून जपून ठेवलीयत,
'नॉर्मल' अशी चिठ्ठी लावून.
माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी कुठेच लिहिलेलं नाही.

ती हसते. पोट धरून हसते,
मग नुसतंच पोट धरते.

सांदॉयहून आलीय, समुद्राखालच्या बोगद्यातून,
पहाटे, उपाशीपोटी, स्वतः गाडी चालवत.
पूर्वी बोट असायची.
वारा सुटला की लोकांची दुखणी
पुढच्या आठवड्यावर जायची.

अंगठी काढ. घड्याळ. स्वेटरला धातूची बटणं आहेत, तोही.
पालथी झोप. आता एक सुई,
आतड्यांना घटकाभर गप्प बसवणारी;
जन्मल्यापासून चाललेली वळवळ थांबते,
आणि तेवढ्यात आम्ही उरकून घेतो.

काचेच्या अलीकडून मी फक्त बटण दाबते.
आत माझाच आवाज जातो, चार वर्षांपूर्वी भरलेला:
श्वास घ्या. सोडा. दम धरा.
त्या दिवशी मला सडकून सर्दी होती.
तेव्हापासून अठरा बेटांवरची माणसं
एका नाक चोंदलेल्या बाईच्या हुकमावर
दम धरतायत.

चित्रं येतात, पावाच्या कापांसारखी, एकामागून एक.
यकृत, चांगलं. मूत्रपिंडं, चांगली.
मग लहान आतड्याची शेवटची वीत:
भिंत सुजून जाड,
आणि जिथून बोट जायला हवं
तिथून जेमतेम दोरा जाईल एवढी वाट.
शेजारी रक्तवाहिन्या ताठ, ओळीने,
लोकर विंचरायच्या फणीचे दात जसे.
(आमच्या पुस्तकांतही तिला फणीच म्हणतात.
नाव ठेवणाऱ्याने घरी कुणाला तरी
विंचरताना पाहिलं असणार.)
पुढे चार बोटं निरोगी, तुकतुकीत.
मग पुन्हा तेच.
हा आजार सलग चालत नाही,
मधली घरं सोडत, उड्या मारत जातो.

दम धरा.
धरते. तेवीस वर्षांची आहे. छान धरते.

कपडे घालून बाहेर येते. "काय दिसलं?"
"डॉक्टर सांगतील, गुरुवारी."
चेहरा कोरा ठेवायचा, हे शिकायला मला
यंत्र शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.
जाताना ती दारात थांबली, पडद्याकडे पाहिलं,
दोन सेकंद, मान जराशी तिरकी.
पुन्हा पेल्याबद्दल काहीतरी बोलली, गेली.

संध्याकाळी दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे दान्याल,
तिचा बाप. त्याच्याकडे मिठाच्या चार पिशव्या,
सुतळीचं बिंडल. ऑक्टोबर, मेंढ्या कापायचा महिना.
तोर्शहावनला कामाला आलाय, रात्री परत.
तपासणीचं विचारत नाही. मीठ महागलं म्हणतो.
मग म्हणतो, "काल पोरगी धुवायला नव्हती,
निम्मी आतडी वाया गेली.
भरायला घेतली की फाटतात.
ती असली म्हणजे एक फाटत नाही.
प्रत्येक आतडं खिडकीपाशी नेते, उजेडासमोर धरते,
कुठं विरलंय, कुठं जाड झालंय, कुठं आवळलंय,
लगेच कळतं तिला. आमच्या म्हातारीलाही नव्हती अशी नजर."

"किती वेळ लागतो?" मी विचारते.

"वेळ कसला," दान्याल पिशव्या खांद्यावर घेतो.
"मान जराशी तिरकी करते. झालं."